रोगाची आठवण शरीरात किती काळ टिकते?



“एकदा गोवर येऊन गेला, की जन्माची काळजी मिटली,” असे घरोघरची वडीलधारी माणसे सांगत आली आहेत. या म्हणण्यात तथ्य किती, आणि त्यावर विसंबून मुलाला गोवर येऊ द्यावा काय, एवढाच प्रश्न आम्ही आज आपणापुढे ठेवणार आहोत.

प्रथम तथ्य पाहू. उत्तर अटलांटिक महासागरातील फॅरो बेटांवर १७८१ साली गोवराची साथ आली. पुढे ६५ वर्षे तो तिकडे फिरकला नाही. १८४६ साली पुन्हा आला, तेव्हा ७,८०० च्या आसपास असलेल्या वस्तीपैकी सुमारे ६,००० माणसे आजारी पडली. डेन्मार्क सरकारने पाठविलेल्या पीटर पानुम या तरुण डॉक्टरांनी चौकशी केली, तेव्हा असे दिसले की, ज्या वृद्धांना बालपणी १७८१ मध्ये गोवर झाला होता, त्यांपैकी एकालाही तो पुन्हा झाला नाही. म्हणजे शरीराने ती आठवण ६५ वर्षे जपली होती!

ही आठवण राहते कोठे? विषाणूला अडविणारी प्रतिपिंडे रक्तात फिरत असतात. पण ती काही आठवड्यांतच झिजतात. ती नव्याने घडविणाऱ्या काही पेशी मात्र हाडांच्या मगजात वर्षानुवर्षे जगतात. शिवाय शत्रूची ओळख ठेवणाऱ्या स्मृतिपेशी वेगळ्याच. म्हणून आजारानंतर काही महिन्यांनी रक्तातील प्रतिपिंडे कमी झाली, तरी सारे संरक्षण गेले असे समजू नये.

परंतु गोवराचा न्याय सर्व विषाणूंना लागू नाही. इन्फ्लुएन्झाचा विषाणू आपले रूप पालटतो. जुनी ओळख मग अपुरी पडते. २०२० पासून कोविडच्या बाबतीतही आपण तेच अनुभवले. डेंग्यूचे तर चार प्रकार आहेत. एक होऊन गेला, तरी दुसऱ्यापासून कायमची सुटका नाही. उलट दुसऱ्या खेपेचा ताप अधिक घातक ठरू शकतो.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. गोवराने मिळणारे संरक्षण टिकाऊ खरे, पण त्याची किंमत काय? फुप्फुसाचा दाह, मेंदूची सूज, कधी मृत्यूही. एवढ्याने भागत नाही. लस न घेतलेल्या मुलांच्या रक्ताची तपासणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. गोवरानंतर त्यांची इतर रोगांविरुद्धची ११ ते ७३ टक्के प्रतिपिंडे नाहीशी झाली होती. स्वतःची आठवण ठेवून जाणारा हा पाहुणा घरातल्या इतर आठवणी पुसून जातो!

लसीच्या दोन मात्रा हेच संरक्षण बहुतेक सर्व मुलांना, आजाराचे भोग न भोगता, देतात. आपल्याकडे पहिली नऊ ते बारा महिन्यांच्या वयात, दुसरी सोळा ते चोवीस महिन्यांच्या वयात दिली जाते. २०२२ साली मुंबईत गोवराच्या साथीत लहान मुले दगावली. वडीलधाऱ्यांच्या अनुभवाचा मान आपण अवश्य ठेवावा. पण त्यांच्या काळी जो मार्ग नव्हता, तो आज दाराशी असताना लेकराला जुन्या वाटेने धाडू नये, एवढीच आमची विनंती आहे.