संपर्क तुटतो, पण कशामुळे?

अमेरिकेतल्या फर्स्ट रोबोटिक्स स्पर्धेत तीन विरुद्ध तीन असे सहा रोबो एकदम मैदानात उतरतात. ऐन रंगात एखादा जागीच थबकतो, संपर्क तुटल्याची खूण दिसते आणि पोरं वायफायच्या नावानं खडे फोडू लागतात. माझ्या मते आधी बॅटरीकडे वळावं. ती 12 व्होल्टची, लेड-ॲसिडची. चाकांच्या मोटरी एकदम जोर लावतात तेव्हा 200 अँपिअर सहज ओढले जातात. बॅटरी आणि तारांचा मिळून रोध 0.02 ओहम धरला, तर 4 व्होल्ट तिथेच गळाले! व्होल्टेज सुमारे 6.8 वर आलं, की रोबोरिओ हा नियंत्रक मोटरी तोडतो. रोबोवरच्या वायफाय रेडिओची वीज क्षणभर गेली, तर तो पुन्हा सुरू होईतो सामन्याचा मोठा भाग हातचा जातो.

कुणी म्हणेल, मीटरवर तर 12.7 व्होल्ट होते. होते, पण भार नसताना. जुन्या बॅटरीचा वाढलेला रोध भार पडल्यावरच कळतो. सभागृहात वायफायची गर्दी असते, हेही खरं. पण बाकीचे पाच धावताहेत आणि आपलाच थांबला, तर दोष बहुधा घरचाच. रोबो चालवायच्या लॅपटॉपवरच्या ड्रायव्हर स्टेशनच्या नोंदी उघडा. व्होल्टेजचा आलेख आधी कोसळला असेल, तर बॅटरी आणि तिच्या जोडण्या तपासा. शेवटपर्यंत सपाट असेल, तर रेडिओच्या तारा. प्रत्येक तार बोटांनी ओढून पाहा. बॅटरीचा लग, म्हणजे तारेच्या टोकाचा धातूचा जोड, हातानं जराही फिरला, तर पाना घ्या. वायफायची तक्रार नंतर.