दिवा लागला की गाडी थांबवा
(टपाल मोटार सेवेतील चालकांसमोर केलेल्या भाषणाचा गोषवारा)



हॉट अ‍ॅक्सल म्हणजे काय, हे रेल्वेतील साथींना सांगायला नको. अ‍ॅक्सल तापला की तो डबा गाडीपासून तोडून बाजूला काढतात. उशीर होतो, पण तो सोसतात. मग मोटारीच्या गिअरबॉक्सचा दिवा लागल्यावर "डेपोपर्यंत आण, मग बघू" असे चालकाला का सांगावे?

दातेरी चाक आणि त्यात उद्गारचिन्ह किंवा थर्मामीटर, असे या दिव्याचे चित्र बहुधा असते. ऑटोमॅटिक गिअरच्या गाड्या वाढत आहेत, तेव्हा तो ओळखता आला पाहिजे. तेल कमी झाले, तेल किंवा क्लच तापला, सेन्सर वा वायरिंग बिघडले, की तो लागतो. पुष्कळदा गाडीतला संगणक गिअरबॉक्स वाचवण्यासाठी गाडी एकाच गिअरवर धरून ठेवतो. ओढ जाते, वेग पडतो. भरल्या गाडीने घाट चढताना, मागे ट्रक असताना हे झाले तर?

म्हणून अ‍ॅक्सिलरेटर हलका करा, सुरक्षित जागी बाजूला घ्या, चारही इंडिकेटर लावा, हँडब्रेक ओढा. खाली तेल गळते का ते पाहा. गळत असेल तर इंजिन बंद करा आणि गाडी हलवू नका. तापल्याचा दिवा असेल तर गाडी निवू द्या. चढावर अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरू नका, त्याने क्लच तापतो, ब्रेकवर धरा. ओढून न्यायची वेळ आली तर इंजिनाची ताकद मिळणारी चाके उचलूनच न्यावीत.

दिवा विझला म्हणजे दोष गेला, असे समजू नका. दोषाचा कोड बहुधा संगणकात राहतो. वर्कशॉपमध्ये स्कॅनर लावून तो वाचता येतो. बॅटरीची तार काढून दिवा घालवला, तर हा पुरावाही जाऊ शकतो.

आणि मुख्य गोष्ट. मोटार वाहन कायदा, १९८८, कलम १९० पाहा. धोका होईल असा दोष माहीत असताना सार्वजनिक रस्त्यावर गाडी चालवणारा दोषी आहेच. पण ती चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. म्हणून फोनवर सांगून थांबू नका. दिवा किती वाजता, कुठे लागला, कोणाला कळवले, काय उत्तर मिळाले, हे लॉगबुकात लिहा. "तशीच आण" असा हुकूम आला, तर तो लेखी मागा. तोंडी हुकूम देणारे पुष्कळ भेटतात, लेखी देणारा क्वचितच.

टपाल वेळेवर पोचले पाहिजे, हे आपणही मानतो. पण त्यासाठी सुस्थितीतली गाडी देणे ही व्यवस्थापनाची जबाबदारी आहे. ती चालकाच्या जिवावर ढकलू देऊ नका.