संपिगेच्या सावलीतले शिंजीर

श्रोतेहो, बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या दोन मोठ्या रस्त्यांना झाडांची नावं आहेत. संपिगे रोड म्हणजे सोनचाफ्याचा रस्ता, मार्गोसा रोड म्हणजे कडुनिंबाचा. मराठी माणसाचंही या भागाशी जुनं नातं आहे. इथल्या काडु मल्लेश्वर देवळाच्या १६६९ सालच्या शिलालेखात शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी राजे यांनी दिलेल्या दानाची नोंद आहे. कन्नडमध्ये ‘काडु’ म्हणजे रान. देवळाभोवती आजही झाडी आहे.

या झाडांपायीच इथल्या जुन्या घरांच्या परसात शिंजीर, फुलटोच्या, शिंपी आणि चष्मेवाला येतात. फोटो काढणाऱ्याची अडचणही या झाडांचीच! सावली इतकी दाट, की जुलैच्या ढगाळ सकाळी नऊ वाजताही दिवेलागणीची वेळ वाटावी.

हा अंधार नेमका किती, याचा हिशेब मांडता येतो. स्वच्छ उन्हात आयएसओ १०० आणि अॅपर्चर एफ ५.६ ठेवलं, तर शटर सेकंदाच्या आठशेव्या भागाइतकं जलद चालतं. पावसाळी ढगांनी प्रकाश आठपट घटतो, पानांच्या छताखाली आणखी चौपट. एकूण बत्तीसपट. मग तेच शटर सेकंदाच्या पंचविसाव्या भागावर येतं, आणि जेमतेम १० सेंटिमीटरचा शिंजीर तेवढ्यात मान फिरवून मोकळा झालेला असतो. लांब पल्ल्याच्या साध्या झूम लेन्सचं तोंड सहसा एफ ५.६ हून मोठं उघडत नाही. उरतो आयएसओ. तो ३२०० वर नेला, की शटर पुन्हा आठशेव्या भागावर येतं. चित्रात थोडे दाणे दिसतात, पण ते चालतील; हललेला पक्षी मात्र कशानेच सुधारत नाही.

रंगीत फिल्मच्या काळात ही सोय नव्हती. कोडाक्रोमचा नावाजलेला रोल आयएसओ ६४ चा असे. तरीही त्या काळात कर्नाटकात मोठं काम झालं. संडूरच्या मराठी राजघराण्यातले आणि कर्नाटकाचे अर्थमंत्री राहिलेले एम. वाय. घोरपडे हे वन्यजीवांचे नामवंत छायाचित्रकार. त्यांचं ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे पुस्तक १९८३ सालचं. ऊन आणि सावली, दोघांनाही त्यांनी शीर्षकात सारखाच मान दिला आहे.

सावलीत रंगाचाही एक पेच पडतो. सी. व्ही. रामन १९३३ साली मल्लेश्वरमला लागून असलेल्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. पुढच्याच वर्षी त्यांनी पक्ष्यांच्या पिसांतल्या रंगांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यासाठी नीलपंखाची पिसं तपासली होती. हा निळा रंग कुठल्या निळ्या रंगद्रव्याचा नसतो, तो पिसाच्या सूक्ष्म रचनेतून उमटतो. शिंजिराच्या नराच्या गळ्यावरची झळाळीही रचनेचीच, आणि ती कोनावर अवलंबून. सावलीत तो गळा काळा ठिक्कर दिसतो. मान जराशी वळली, की तिथेच जांभळी ठिणगी पडते. बटण दाबायचं ते त्या क्षणी.

म्हणून कॅमेऱ्याआधी पक्षी ओळखीचा व्हावा लागतो. दयाळ पहाटे एकाच शेंड्यावर बसून बराच वेळ गातो. तिथे साठाव्या भागाचं शटरही पुरतं, फक्त कॅमेरा कठड्यावर टेकवावा. चष्मेवाल्यांचा थवा क्षणभर थांबत नाही, त्याच्यामागे मंद उजेडात धावू नये. पावसाची सर थांबल्यावर मात्र थोडी चैन असते. भिजलेले पक्षी आडोशाला बसून चोचीने पिसं नीट करतात, आणि मधूनमधून मान अगदी स्थिर ठेवतात. अशा वेळी पाच-सहा फोटो सलग घ्यावेत, त्यांतला एखादा लख्ख निघतो. पाठीमागे पांढरं आभाळ असेल तर पक्षी काळा पडतो. दोन पावलं सरकून मागे भिंत किंवा पानं आणावीत; ते जमलंच नाही, तर एक्स्पोजर एक-दीड स्टॉप वाढवावं; एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश. अंधारा फोटो नंतर उजळवला, तर दाणे अधिकच उठून दिसतात.

एक गोष्ट आग्रहाने सांगायची आहे. शिंजिराचं लोंबतं, कोळ्याच्या जाळ्यांनी विणलेलं घरटं पुष्कळदा व्हरांड्याच्या तारेवर किंवा जास्वंदीच्या डहाळीवर असतं. उजेड यावा म्हणून काही जण भोवतालची पानं बाजूला बांधतात, कुणी तर तोडतात. तीच पानं पिलांना कावळ्यापासून आणि भारद्वाजापासून लपवतात. तेव्हा श्रोतेहो, घरट्याजवळचं एकही पान हलवू नका, फ्लॅश मारू नका. फोटो अंधारा आला, तर येऊ द्या.