शेळी व्याली की पहिला तास तुमचा

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत आमच्या क्षेत्र समन्वयक ताईंनी केलेल्या भाषणाचा मजकूर. ज्यांना सभेला येता आलं नाही, त्यांच्यासाठी.)



आज कर्जाचं, हप्त्याचं बोलणार नाही. आज शेरडांचं बोलायचंय. पण थोड्या वेळाने तुमच्या लक्षात येईल, की हे हप्त्याचंच बोलणं आहे.

आपल्या माण-खटावात, तिकडे आटपाडी-जतला पाऊस कमी. दुष्काळात विहीर आटते, पण दारातली शेळी पाल्यावर जगते. म्हणून गटातून कर्ज काढलं की पुष्कळ बायका शेळीच घेतात. शेळीचा गाभणकाळ साधारण 150 दिवसांचा. पाच महिने तुम्ही तिला चारता, पाणी पाजता. ती विते, दोन करडं होतात, घरात आनंद होतो. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातलं एक आडवं पडलेलं असतं. आपण म्हणतो, "नशीब." बायांनो, पुष्कळ वेळा ते नशीब नसतं. करडाला वेळेवर चीक मिळालेला नसतो.

चिकाचं नीट समजून घ्या. माणसाच्या बाळाला पोटात असतानाच आईकडून रोगाशी लढायची थोडी ताकद मिळते. शेळीच्या वारेतून ती करडाला मिळत नाही. करडू जन्मतं तेव्हा त्याच्याजवळ काहीच नसतं. सगळी ताकद आईच्या चिकात असते. करडाचं आतडं ती ताकद पहिल्या काही तासांतच चांगली घेतं. दिवस उलटला की आतड्याचा तो दरवाजा बंद. मग दूध कितीही पाजा, पोट भरेल, पण ती ताकद येणार नाही.

आता एक जुनी समजूत. "वार पडल्याशिवाय चीक पाजायचा नाही." ही सोडा. वार पडायला आठ-दहा तासही लागतात. तेवढा वेळ करडू उपाशी ठेवलं, तर सगळ्यात मोलाची वेळ गेली. उलट करडू कासेला लागलं की वार पडायला मदतच होते. पूर्वी बाळंतिणीचा चीक पिळून टाकायचे. आता आशाताई सांगतात, तासाभरात बाळाला छातीशी घ्या. तेच इथेही.

मग शेळी व्याली की काय करायचं? क्रमाने सांगते.

पहिलं, करडाच्या नाका-तोंडातला चिकट पडदा पुसायचा. शेळीला त्याला चाटू द्यायचं, आपण कोरड्या गोणपाटाने चोळायचं. अंघोळ घालायची नाही.

दुसरं, नाळ. पोटापासून दोन बोटं सोडून स्वच्छ दोऱ्याने बांधायची, नव्या ब्लेडने कापायची, टिंक्चर आयोडीन लावायचं. शेण, राख, हळद काही नको.

तिसरं, कास कोमट पाण्याने पुसून प्रत्येक सडातून दोन-दोन धारा काढायच्या, म्हणजे सडाचं तोंड मोकळं होतं. मग अर्ध्या-एक तासाच्या आत करडाला सड तोंडात द्यायचा. दोन किलोच्या करडाच्या पोटात पहिल्या दिवसभरात निदान दोनशे मिली, म्हणजे चहाचे दोन लहान कप चीक गेला पाहिजे. एकदम नाही, चार-पाच वेळा.

जुळी-तिळी असली की दांडगं करडू दोन्ही सड धरतं आणि बारकं मागे राहतं. त्या बारक्याला आधी लावा. ते मलूल असेल, तर त्याच्या तोंडात बोट घालून बघा. तोंड गार लागलं, तर आधी ऊब द्या, मग पाजा. मान टाकलेल्या करडाच्या तोंडात जबरदस्तीने दूध ओतू नका, ते फुप्फुसात जातं. आई दगावली किंवा तिला चीकच नसला, तर त्याच दिवशी व्यालेल्या दुसऱ्या शेळीचा चीक चालतो. तोही नसेल तर गाईचा.

आता आईकडे बघू. करडं बघायला सगळी गल्ली जमते, शेळीकडे कुणी बघत नाही. तिला लगेच गूळ घातलेलं कोमट पाणी द्या. हिरवा पाला, वाळलेली वैरण द्या. भरडा हळूहळू वाढवा. बाळंत झाली म्हणून एकदम पाटीभर धान्य घातलं, तर पोट बिघडून ती दगावू शकते. वार हाताने ओढू नका. बारा तासांत पडली नाही, तर डॉक्टरांना बोलवा. कासेची एक बाजू गरम, टणक लागली किंवा दुधात गाठी दिसल्या, तर त्याच दिवशी दाखवा.

आणि हे तुमच्या तब्येतीसाठी. वार, गाभडलेलं पिल्लू उघड्या हाताने उचलू नका. त्यातून माणसालाही ताप येणारे आजार होतात. हातात प्लॅस्टिकची पिशवी घाला, खोल खड्ड्यात पुरा, कुत्र्यापुढे टाकू नका. घरात पोटुशी सून असेल, तर तिला या कामाला लावू नका.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी सुवर्णा' मेंढी तयार केली. आपली दख्खनी मेंढी बहुधा एकच कोकरू देते. बंगालच्या गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण त्यांनी तिच्यात आणला. म्हणजे एका वेतात दोन कोकरं. पण दोन झाली म्हणजे दोन जगली असं नाही. गुण रक्तातून येतो, जगवायचं काम दावणीला होतं. आणि दावणीला तुम्ही असता.

म्हणून प्रत्येक गटाने तीन गोष्टी करायच्या.

एक, शेळीला बोकड दाखवला की तारीख भिंतीवर लिहायची. 15 ऑगस्ट असेल, तर 12 जानेवारीच्या आसपास ती विणार. म्हणजे ऐन थंडीत. डालगं, गोणपाट, कोरडी जागा आधीच तयार पाहिजे. आंत्रविषाराची लस विण्याआधी महिनाभर पशुसखीला विचारून टोचून घ्या.

दोन, गटाच्या पैशातून एक डबा भरायचा. आयोडीन, दोरा, ब्लेड, बाटली, निपल. तो कुणाच्या घरी आहे, हे सगळ्यांना माहीत पाहिजे. डब्याच्या झाकणावर 1962 लिहायचं. हा जनावरांच्या डॉक्टरांसाठीचा टोल फ्री नंबर आहे.

तीन, पुढच्या बैठकीपासून वहीत दोन रकाने वाढवायचे: किती करडं झाली, आणि तीन महिन्यांनी किती राहिली. कर्ज फिटलं का, हे आपण दर महिन्याला विचारतो. करडू जगलं का, हे कुणी विचारत नाही. एक करडू वाढून बाजारात गेलं, तर कितीतरी हप्ते त्यातून सुटतात. रात्री उठून गोठ्यात जाणारी तुम्हीच, तेव्हा बाजाराच्या पैशाचा हिशोबही तुमच्याच वहीत राहू द्या.

कुणाची शेळी या महिन्यात विणार आहे? हात वर करा. त्यांच्याकडे डबा आधी द्यायचा.