सिस्टरचा शब्द डॉक्टरांच्या कानी
(वडनेर भोलजी येथे मंडळाच्या वर्धापनदिनी दिलेले भाषण)



कर्करोगावर चार शब्द बोला, असा चिटणीसबाईंचा आग्रह पडला. या रोगाचे नाव निघाले की आपण बायका आवाज खाली आणतो. म्हणून आज रोगाविषयी थोडे आणि रोग्याला सांभाळणाऱ्यांविषयी अधिक बोलणार आहे.

डॉक्टर सकाळी फेरीला येतात, "कसे काय बाई?" म्हणून विचारतात. आपली बाई पदर सावरून "बरी आहे" म्हणते. शेजारी सासरे नाहीतर दीर उभे. ती मोकळेपणाने बोलणार कशी? रात्री तीच बाई सिस्टरचा हात धरून सांगते, की कंबर ठणकते, डोळ्याला डोळा लागत नाही. सिस्टरने हे टिपून डॉक्टरांच्या कानी घातले आणि डॉक्टरांनी ते मनावर घेतले, तरच औषध बदलते. मॉर्फिन किती द्यावयाचे हे डॉक्टर ठरवतात. पण त्याने दुखणे किती वेळ थांबले, पोट साफ होते की नाही, हे पाहणारी सिस्टरच असते. एकाचे ज्ञान आणि दुसरीची नजर एकत्र आली नाही, तर हाल रोग्याचे होतात.

केमोथेरपीचेही तसेच. औषध डॉक्टर लिहून देतात, शिरेतून सोडताना सिस्टर जवळ असते. काही औषधे शिरेबाहेर झिरपली तर तेथील मांस जळते. अशा वेळी सिस्टर सलाईन तत्काळ बंद करते आणि डॉक्टरांना बोलावते. घरी आल्यावर ही नजर आपली असावी लागते. या उपचारात रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात आणि साधा वाटणारा तापही जिवावर बेततो. ताप १००.४ अंशांवर गेला, तर काढा देत सकाळची वाट पाहू नये; त्याच रात्री रुग्णालयाला कळवावे.

दवाखान्याबाहेरही या जोडीने केवढे काम होते, याचे उदाहरण आपल्याच महाराष्ट्रात आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथील मंडळींनी १९९९ पासून उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील खेड्यांत गर्भाशयमुखाच्या कर्करोगासंबंधी मोठा अभ्यास केला. ३० ते ५९ वर्षांच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. शिकवून तयार केलेल्या परिचारिका तपासणी करीत. ज्यांच्यात दोष आढळे, त्यांना डॉक्टर पुढे तपासून उपचार करीत. २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात एचपीव्ही या विषाणूची तपासणी एकदाच झाली होती, त्या गटात या रोगाने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या मानाने सुमारे निम्मे होते. खेड्यातील बाई अनोळखी डॉक्टरांपुढे संकोचते. नर्सबाईंपुढे ती बोलती होते. पण नर्सबाईंना दिसलेला दोष डॉक्टरांपर्यंत गेला नसता, तर त्या तपासणीचा उपयोग तरी काय झाला असता?

भगिनींनो, या साखळीची पहिली कडी आपण आहोत. स्तनात गाठ लागली, पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त दिसले, तोंडातील चट्टा तीन आठवड्यांत भरला नाही, तर ते पदराआड झाकू नका. डॉक्टरांशी बोलण्याची लाज वाटत असेल, तर उपकेंद्रातील नर्सबाईंना सांगा, आशाताईंना सांगा. आणि रुग्णालयात गेल्यावर सिस्टरला कोणी "ए बाई" म्हणून हाक मारीत असेल, तर त्याला तेथेच थांबवा. आपल्या माणसाचे रात्रीचे दुखणे सकाळी डॉक्टरांना सांगणारी तीच आहे.