चिठ्ठीवर काय लिहिलंय?



क्ष-किरण निदानाच्या परिषदेचं अध्यक्षपद आणि तेही सारंगखेड्यात, म्हटल्यावर घोडेबाजाराचं नाव न घेणं कठीण. दत्तजयंतीच्या यात्रेत इथे घोडा घ्यायला आलेला माणूस समोर उभा राहून सौदा करत नाही. चारी बाजूंनी फिरतो, दात बघतो, खूर उचलून बघतो, चालवून बघतो. साधा एक्स-रे म्हणजे समोरून पाहिलेला घोडा. सीटीची नळी मात्र रुग्णाभोवती फिरते, प्रत्येक कोनातून किरण किती अडले ते मोजते आणि त्या मोजणीतून संगणक शरीराचा आडवा काप उभा करतो.

यामागचं गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडलं होतं, तेव्हा वैद्यकाचा विचारही त्यांच्या मनात नसावा. अ‍ॅलन कॉरमॅक यांनी १९६३-६४ मध्ये या विषयावर निबंध छापले, फारसं कोणी विचारलं नाही. यंत्र घडवलं ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. विद्यापीठाची पदवी नसलेला हा इंजिनिअर ईएमआयमध्ये नोकरीला होता, म्हणजे बीटल्सच्या तबकड्या विकणाऱ्या कंपनीत! १ ऑक्टोबर १९७१ ला लंडनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात एका बाईंच्या मेंदूचा पहिला स्कॅन झाला. चित्र ८० बाय ८० चौकोनांचं, आजच्या नजरेला गोधडीसारखं. पण गाठ दिसली. १९७९ चं नोबेल कॉरमॅक आणि हाउन्सफील्ड यांनी वाटून घेतलं.

त्या चित्रातली प्रत्येक करडी छटा म्हणजे एक आकडा असतो. पाणी शून्य, हवा उणे १०००, ताजं साकळलेलं रक्त साधारण ६० ते ८०. यंत्र एवढंच सांगतं. त्या आकड्यांना अर्थ येतो तो रुग्णाला स्कॅनला पाठवणाऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीवरून, आणि आपल्याकडे येणाऱ्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा तीनच शब्द असतात: ‘सीटी ब्रेन प्लेन’. माझं आजचं सगळं गाऱ्हाणं याच तीन शब्दांबद्दल आहे.

अर्धांगवायूचा रुग्ण घ्या. धडगावच्या डोंगरातून त्याला खाली आणेपर्यंत किती वेळ जातो, हे तुम्हाला मी सांगायला नको. मेंदूत रक्तस्राव असेल तर स्कॅनवर लगेच पांढरा दिसतो. रक्तवाहिनी तुंबली असेल तर पहिले काही तास स्कॅन जवळजवळ नॉर्मल दिसू शकतो. अशा वेळी आपण ‘नॉर्मल’ लिहून मोकळे होतो आणि नातेवाईक ‘काही निघालं नाही’ म्हणून पेशंटला घरी न्यायला निघतात! खरं तर रक्तस्राव नाही, हीच तर गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची पहिली अट, आणि ते साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. हे तास मोजायचे ते माणसाला शेवटचं धडधाकट पाहिलं तेव्हापासून. ती वेळ फिल्मवर उमटत नाही.

दुसरं उदाहरण फिटचं. आपल्या भागात फिट आलेलं पोर आधी भगताकडे जातं, मग आपल्याकडे. स्कॅनवर कडेनं उजळलेली एक छोटी कडी दिसते. भारतात सीटी आल्यावर अशा कड्यांना सर्रास क्षयाची गाठ समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिली गेली. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात राजशेखर, चंडी आणि सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून तपासल्या, तेव्हा बहुतेकींत पट्टकृमीची अळी निघाली. कितीतरी गाठी आपोआप विरतातही. (हा आजार डुकराचं मांस खाणाऱ्यांनाच होतो, हा गैरसमज. कृमीची अंडी दूषित पाण्याभाज्यांतून माळकऱ्याच्या पोटातही जातात.) वेल्लोरच्या या मंडळींनी १९९३ मध्ये मांडलेल्या निकषांत गाठ एकच आणि २० मिलिमीटरहून लहान असावी, हे स्कॅनवरून कळतं. पण मेंदूतला दाब वाढल्याची लक्षणं नसावीत, हातापायांतली ताकद कमी होत गेलेली नसावी, अंगात दुसरीकडे टीबी नसावा, हे स्कॅन काढणाऱ्याला कोण सांगणार? निम्मं निदान चिठ्ठीत असतं.

तिसरं उदाहरण सिकलसेलच्या मुलांचं, थोडक्यात. त्यांचं पोट पुन्हा पुन्हा दुखतं. दर वेळी सीटी काढत गेलो तर वाढत्या शरीरात किरणांचा साठा आपणच करतो. आधी सोनोग्राफी करावी आणि आधीचे स्कॅन किती झाले ते विचारावं. सिकलसेलचं कार्ड बहुधा आईच्या पिशवीत असतं, फक्त मागावं लागतं.

दुपारच्या सत्रात चिठ्ठीचा नवा मसुदा चर्चेला येतो आहे. लक्षणं कधी सुरू झाली, शेवटचं धडधाकट कधी पाहिलं, ताप-खोकला, घरात टीबी, सिकलसेल, आधीचे स्कॅन, असे रकाने त्यात आहेत. काही मंडळींना अजून बारा रकाने वाढवायचे आहेत असं कानावर आलं. त्यांना हात जोडून विनंती, मसुदा अर्ध्या पानाच्या पुढे नेऊ नका. रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीत एकटा बसलेला मेडिकल ऑफिसर पान उलटून लिहिणार नाही.