मैदानाच्या कडेला बसलेले मूल

(शिक्षक, पंचायत सदस्य व शिक्षण विभागातील अधिकारी यांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शाळेतील खेळांविषयी बोलावयाचे म्हटले की ढाली, चषक आणि जिल्ह्यात पहिला आलेला संघ यांचीच आठवण प्रथम होते. ज्या शाळेच्या कपाटात चषक अधिक, त्या शाळेचे शारीरिक शिक्षण उत्तम, असा एक समज आपल्याकडे रूढ झाला आहे. आज मला त्या कपाटाकडे पाहावयाचे नाही. मैदानाच्या कडेला, लिंबाच्या सावलीत इतरांच्या चपला व दप्तरे सांभाळीत बसलेल्या मुलाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ते मूल आजारी नाही. त्याला कोणी मज्जावही केलेला नाही. संघात त्याची निवड झाली नाही, एवढेच. हे मूल प्रत्येक शाळेत आहे आणि शारीरिक शिक्षणाची खरी गरज त्यालाच सर्वांत अधिक आहे.

तासाचा हिशेब

आपण एक साधा हिशेब करू. वर्गात ४० मुले आहेत आणि तास ३५ मिनिटांचा आहे. वर्गातून मैदानावर जाणे, हजेरी व रांगा यांत ७ मिनिटे गेली, तर २८ मिनिटे उरतात. शिक्षकांनी लांब उडीसाठी एकच रांग लावली आणि एका उडीला अर्धा मिनिट धरला, तर तासभरात ५६ उड्या होतील. म्हणजे प्रत्येक मुलाच्या वाट्याला एक उडी आणि सोळा जणांना दुसरी. उरलेला सारा वेळ उन्हात उभे राहण्यात जातो. त्याच मुलांच्या चार रांगा करून, भुसभुशीत केलेल्या जमिनीवर उभ्याने उडी मारावयास लावली, तर उड्यांची संख्या २२४ होते आणि प्रत्येक मूल निदान पाच वेळा उडते. यासाठी नवे साहित्य लागत नाही, अनुदान लागत नाही. थोडी फक्की आणि थोडी पूर्वतयारी पुरते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दररोज सरासरी ६० मिनिटे तरी मध्यम ते जोरकस स्वरूपाची शारीरिक हालचाल केली पाहिजे, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम केला पाहिजे. शाळेतील तासांतून ही गरज संपूर्ण भागणार नाही, हे उघड आहे. म्हणूनच त्या तासाचे मुख्य कार्य असे की, मुलाने उरलेल्या वेळात आपण होऊन खेळावे इतके कौशल्य आणि इतकी गोडी त्याला लावून द्यावी. धावणे, थांबणे, वळणे, उडी मारणे, फेकणे आणि झेलणे ही शरीराची अक्षरओळख आहे. ज्याला झेल घेता येत नाही, ते मूल चेंडूच्या खेळात पुढे होत नाही. आणि पुढे न झाल्यामुळे त्याला झेल कधीच येत नाही. हे चक्र प्राथमिक शाळेतच तोडले पाहिजे.

आपल्या खेळांतील शहाणपण

महाराष्ट्राला देशी खेळांची मोठी परंपरा लाभली आहे. खोखोच्या नियमांना पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ च्या सुमारास व्यवस्थित रूप दिले. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके परदेशी प्रेक्षकांना दाखविली. कबड्डी १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत समाविष्ट झाली, तर खोखोची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत भरली आणि पुरुष व महिला या दोन्ही गटांत भारत विजयी झाला. याचा आपणांस अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. परंतु या खेळांत अध्यापनाचे जे शहाणपण दडलेले आहे, ते आपण पुरतेपणी वापरलेले नाही.

कबड्डीचेच पाहा. जुन्या काळी तिचे तीन प्रकार प्रचलित होते. ‘गामिनी’त बाद झालेला गडी सारा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. ‘संजीवनी’त प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी जिवंत होऊन आत येई. ‘अमर’ प्रकारात मात्र बाद झालेला गडी मैदान सोडीतच नसे. प्रतिपक्षाला गुण मिळे आणि खेळ पुढे चाले. स्पर्धेसाठी संजीवनीची पद्धत पुढे रूढ झाली, ते योग्यच झाले. वर्ग शिकविताना मात्र शिक्षकांनी ‘अमर’ पद्धतीची आठवण ठेवावी. जो गडी कच्चा आहे तो सर्वांत आधी बाद होतो. बाद होताच त्याला बाहेर बसविले, तर ज्याला सरावाची गरज अधिक त्यालाच सराव सर्वांत कमी मिळतो. गणितात चुकलेल्या मुलाची पाटी काढून घेऊन आपण त्याला वर्गाबाहेर बसवीत नाही. मग मैदानावर हा न्याय कशासाठी?

खोखोत पाठलाग करणाऱ्या संघाचे आठ गडी पाटीवर बसतात आणि एकजण धावतो. बचावाचे तिघे एका वेळी मैदानात उतरतात. चाळीस मुलांच्या वर्गाला असे एकच मैदान आखले, तर अठ्ठावीस मुले प्रेक्षक होतात. त्याऐवजी चार आखूड मैदाने आखावीत, प्रत्येकावर पाच-सहा गडी बसवावेत आणि खांबाच्या जागी मोठ्या मुलास उभे करावे. नियमही टप्प्याटप्प्याने शिकवावेत. प्रथम केवळ बसणे, उठणे आणि पाठीवर तळहाताने स्पष्ट खो देणे. त्यानंतर एकदा घेतलेली दिशा खांबापर्यंत न बदलणे. आणि शेवटी दोन गड्यांच्या मधून न जाण्याचा नियम. सारे नियम पहिल्याच दिवशी सांगितले, तर अर्धा तास वादात जातो.

सातारा जिल्ह्यातील माण तालुक्याच्या मोही गावची ललिता बाबर शाळेत खोखो खेळत असे. पुढे ती धावपटू झाली आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर अडथळा शर्यतीच्या अंतिम फेरीत दहावी आली. प्रत्येक मुलगी ऑलिंपिकला जाणार नाही, हे मी जाणतो. परंतु ज्या मुलीला मैदानात उतरूच दिले नाही, तिच्या अंगी काय आहे हे ना तिला कळेल, ना आपल्याला.

व्यायाम आणि शिक्षा

दुसरी एक गोष्ट मी स्पष्टपणे सांगू इच्छितो. गृहपाठ केला नाही म्हणून उठाबशा, उशीर झाला म्हणून मैदानाला फेऱ्या, हा प्रघात अद्यापही काही ठिकाणी दिसतो. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या २००९ च्या अधिनियमाने शारीरिक शिक्षेला बंदी केली आहे. कायद्याची गोष्ट क्षणभर बाजूस ठेवली, तरी ज्या धावण्याची गोडी आपण लावू पाहतो, तेच धावणे दंड म्हणून देणे हे आपल्याच हाताने आपले काम बिघडविण्यासारखे आहे.

शारीरिक क्षमतेच्या चाचण्या घेतानाही हाच विवेक हवा. ६०० मीटर धावण्याची चाचणी जूनमध्ये घ्यावी, पुन्हा डिसेंबरमध्ये घ्यावी आणि प्रत्येक मुलाच्या वेळेची तुलना त्याच्या स्वतःच्या पहिल्या वेळेशी करावी. वजनाचे आकडे वर्गासमोर मोठ्याने वाचू नयेत. दमा किंवा हृदयविकार असलेल्या मुलांची नोंद आरोग्य तपासणीतून शिक्षकांकडे असावी. उन्हाळ्यात हे तास सकाळच्या वेळी ठेवावेत आणि पिण्याचे पाणी मैदानाजवळ असावे.

मुली आणि दिव्यांग मुले

इयत्ता सातवी-आठवीपासून अनेक मुली मैदानापासून दूर होऊ लागतात. त्यांना खेळाची आवड नसते, हे कारण खरे नव्हे. सोयीचा पोशाख नसतो, स्वच्छतागृहात पाणी नसते, मासिक पाळीविषयी बोलण्यास कोणी शिक्षिका नसते आणि मैदान मुलांनी आधीच व्यापलेले असते. यांपैकी प्रत्येक अडचण दूर करता येण्याजोगी आहे.

दिव्यांग मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने देणे, हे २०१६ च्या कायद्याने शाळांवर सोपविलेले कर्तव्य आहे. सांगली जिल्ह्याचे सुपुत्र मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात जबर जखमी झाले. त्यांनीच १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविले. अंध मुलासाठी घुंगरू बांधलेला चेंडू, कुबडी घेणाऱ्या मुलासाठी बसून फेकण्याचा खेळ, एवढी योजना कोणत्याही गावात होऊ शकते. गुणलेखक म्हणून त्याला कायमचे टेबलापाशी बसविणे म्हणजे त्याला खेळविणे नव्हे.

आपणा प्रत्येकाचा वाटा

२००९ च्या त्याच अधिनियमाच्या अनुसूचीत शाळेला क्रीडांगण आणि प्रत्येक वर्गाला आवश्यकतेप्रमाणे खेळाचे साहित्य असावे, असे नमूद आहे. परंतु कागदावरील मैदान आणि मुलांच्या पायांखालचे मैदान यांत अंतर असते. लग्नसमारंभानंतर मैदानात राहिलेले मांडवाचे खुंटे, खिळे आणि काचा कोणी वेचावयाच्या? कडेने हळूहळू आत सरकणारे अतिक्रमण कोणी थांबवावयाचे? येथे पंचायतीचे काम आहे. मैदानाची हद्द आखणे, जमीन सपाट करणे, कडेने सावलीची झाडे लावणे आणि समारंभानंतर साफसफाईची अट घालणे, ही कामे ग्रामसभेत ठरविता येतील.

मुख्याध्यापकांना माझी विनंती अशी की, परीक्षा जवळ आली म्हणून खेळाचा तास गणिताला देऊ नये. अधिकारी मित्रांनी तपासणीच्या वेळी चषकांच्या संख्येबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : ‘आज पटावरील किती मुले खेळली?’ ज्या गोष्टीची विचारणा होते, ती गोष्ट शाळेत घडू लागते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

शारीरिक शिक्षण व खेळ हा सर्वांचा मूलभूत हक्क आहे, असे युनेस्कोच्या सनदेने १९७८ साली जाहीर केले. तो हक्क शाळेच्या मैदानावर सिद्ध व्हावयाचा आहे. आपण आपापल्या गावी परत गेल्यावर एका तासाला मैदानाच्या कडेला उभे राहा आणि बसलेली मुले मोजा. ती संख्या वहीत लिहून ठेवा आणि वर्षअखेर पुन्हा मोजा. ती घटली, तर आपली शाळा जिंकली, असे खुशाल समजावे.